धुराचं माहेर

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूर मागे पडतं, घाटाची वळणं सुरू होतात, साग-पळसाचं जंगल लागतं आणि ते विरळ होता होता आमचं मेडशी येतं. या वाटेवर अलीकडे एका पाटीचं पीक जोरात आहे : 'चुलीवरचं जेवण'. कुठे चुलीवरचं मटण, कुठे चुलीवरची भाकर. एका टपरीवर तर चुलीवरचा चहासुद्धा वाचला. गाड्या थांबतात. पुण्या-नागपूरकडची मंडळी उतरतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "धुराची काय चव असते नाही!" मग भाकरीचा फोटो निघतो, जाळाचा निघतो. भाकर थापणाऱ्या बाईचे चोळून लाल झालेले डोळे मात्र फोटोच्या कडेला कातरले जातात.

ही चवीची गोष्ट मी घरी मोठीमायला सांगितली. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. पाऊणशे वर्षांतली निदान साठ तिने चुलीपुढे काढलेली. ती वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "फुकून फुकून माये डोये गेले, अन् हे म्हंतेत धुराची चव! मंग फुकनीच चाटा म्हना त्यायले."

यात तिची बाजू शास्त्राचीही आहे. चुलीवरच्या भाकरीला जी चव येते ती आराची. तव्यावर दोन्ही बाजूंनी पदर सुटला की भाकर चुलीच्या तोंडाशी, रसरशीत निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिथे कोरडी, दाट धग लागते, पोटातलं पाणी वाफ होऊन भाकर टम्म फुगते आणि पापुद्र्यावर करडे ठिपके उमटतात. त्या घटकेला चुलीत धूर असेल तर भाकर काळवंडते आणि कडवट लागते. वांग्याच्या भरताचंही तेच. तुराट्यांचा जाळ करून वांगी भाजतात हे खरं, पण जाळ कसा, तर लखलखीत. धुरकट जाळावर भाजलेलं वांगं आमच्याकडे पाहुण्यालाही वाढत नाहीत, आणि पाहुण्याला आम्ही बरंच काही वाढतो.

मुळात धूर म्हणजे काय, हे सांगायला चूल लागत नाही, देवघरातली वात पुरते. वात विझवावी. तिच्यातून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला, वातीला न शिवता, जळती काडी लावावी. जाळ धुरावरून खाली धावत येतो आणि वात पुन्हा पेटते. आमच्या नातवाला हा खेळ दाखवला, तेव्हापासून घरात काड्याची पेटी उरत नाही, पण मुद्दा त्याला समजला : धूर जळतो. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं सरपण. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊनच बाहेर पडतो, मागे उरतो तो कोळसा. आपण ज्याला लाकडाचा जाळ म्हणतो तो खरं तर या वायूंचा जाळ. त्यांना पुरेशी हवा आणि सहाशे-सातशे अंशांची धग मिळाली तर ते पेटतात आणि गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड तापवतात. नाही मिळाली तर छपराला, भिंतीला आणि छातीला जाऊन चिकटतात. ते सरपण फोडलेलं असतं, डोक्यावरून वाहून आणलेलं असतं, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी काढायच्या कामी येतं.

आता हा धूर तयार कुठे होतो? सगळे म्हणतील, चुलीत. माझं म्हणणं वेगळं आहे. धूर अंगणात तयार होतो, कुऱ्हाडीपाशी. चुलीत तो फक्त दिसतो. आणि अंगणातलं ते काम आमच्याकडे बापईमाणसांचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाभळीचा, बोरीचा एखादा ओंडका बैलगाडीतून येऊन अंगणात पडतो. मालकाने तो फोडायचा असतो. मालक पहिल्या दिवशी जोमाने चार घाव घालतात, ओंडक्याचे मनगटाएवढे, काही तर मांडीएवढे तुकडे करतात, घाम पुसतात आणि जाहीर करतात की सरपणाचं काम झालं. मोठीमायने अशा एका ढिगापुढे उभं राहून माझ्या काकांना विचारलं होतं, "हे चुलीचं हाय का सरनाचं?" काका तेव्हा ठणठणीत होते, म्हणून सगळे हसले.

चुलीचं लाकूड अंगठ्याएवढं हवं. फार तर दोन अंगठे. जाड लाकडाला पृष्ठभाग कमी, ते आतपर्यंत तापायला वेळ घेतं, तोवर धुमसतं आणि धुमसताना धूर देतं. त्याच लाकडाच्या बारीक चिरफळ्या केल्या की प्रत्येक चिरफळीला चहूबाजूंनी हवा मिळते, ती चटकन पेटते आणि जाळ कमी-जास्त करणं हातात राहतं. दोन चिरफळ्या मागे ओढल्या की मंद, एक पुढे सारली की मोठा. गॅसचं बटण याहून वेगळं काय करतं? पण चिरफळ्या करायला ओंडका फोडण्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि त्यात पराक्रम दिसत नाही. ओंडका दुभंगताना चारचौघं बघतात. चिरफळ्या काढताना फक्त कोंबड्या बघतात.

दुसरं काम वाळवण्याचं, आणि त्यासाठी तर काहीच करावं लागत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. वऱ्हाडचा उन्हाळा 44 अंशांवर जातो. या उन्हाचा दुसरा काही उपयोग मला आजवर सापडलेला नाही. मार्चमध्ये फोडून, हवा खेळेल असं आडवं-उभं रचलेलं सरपण मृगापर्यंत खडखडीत होतं. न फोडता पडलेला ओंडका तेवढ्याच उन्हात वरून वाळतो आणि आत ओला राहतो. वाळलं की नाही हे बघायची रीत सोपी : दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. वाळलेले टणटण वाजतात, ओले थपथप. टोकांना चिरा पडल्या असतील तर आणखी चांगलं.

ओलं लाकूड चुलीत गेलं की आधी त्यातलं पाणी उकळतं. टोकाशी फेस येतो, चुर्र आवाज होतो. पाणी उडवण्यात धग खर्च होते हे तर आहेच, पण खरं नुकसान त्यापुढचं. त्या पाण्याने जाळ थंड पडतो, थंड जाळात वायू पेटत नाहीत, आणि घर पांढऱ्या धुराने भरतं. मग बाई फुंकणी उचलते, मालक ओसरीवरून ओरडतात, "किती धूर करून राहिली!" आणि तिकडे ज्या ओंडक्याचं हे सगळं लेकरू, तो अंगणात अर्धा फोडलेला तसाच पडून असतो. धुराचं माहेर तिथे, आणि बोलणी मात्र चुलीपाशी बसलेलीला.

धुराच्या रंगावरूनही निदान होतं. पांढरा, दाट धूर म्हणजे ओलं सरपण किंवा थंड चूल. काळा, काजळीचा धूर म्हणजे हवा कमी, कोंबाकोंब जास्त. कोंबाकोंबीवर मोठीमायचं एक ठरलेलं वाक्य आहे. सुनेने घाईत चार लाकडं एकदम आत सारली की ती म्हणते, "तोंडात बोकना कोंबल्यावर मानूस तरी बोलते का? चुलीले दम घेऊ दे." म्हणून लाकडांची फक्त टोकं जाळात ठेवायची, जळतील तशी पुढे सरकवायची, आणि खालून हवा जाईल एवढी पोकळी राखायची. राख साचली की ही पोकळी बुजते. चुलीच्या बुडाशी लोखंडी जाळी टाकली तर राख खाली पडते आणि हवा निखाऱ्यांच्या पोटातून वर येते. आमच्या घरची जाळी म्हणजे मोडक्या खिडकीच्या सळया आहेत. फुंकणीही मग क्वचित लागते, आणि लागली तरी फुंकर जाळावर घालायची नसते, निखाऱ्यांवर घालायची असते.

सरपणाची आमच्याकडे जातवारी आहे. धावडा आणि बाभूळ वरच्या पंक्तीतले, त्यांचा निखारा दाट आणि टिकाऊ. बोर चांगली. पळस दिसायला देखणा, चुलीत कुचकामी. बेशरमाच्या काड्या जळतात, पण डोळ्यांची आग करतात. डिसेंबर-जानेवारीत तूर सोंगून झाली की तुराट्या येतात, आणि मेडशीसारख्या गावात भाकरीचा खरा आधार तोच. तुराटी बारीक, भराभर पेटणारी. तिला फोडावी लागत नाही, त्यामुळे मालकांनाही ती प्रिय. दोष एकच, तिच्यापुढून उठता येत नाही. सतत पुढे सारावी लागते. म्हणून जाणत्या बाया सुरुवात तुराटीने करतात, वरण शिजायला बाभळीचा एक तुकडा लावतात आणि शेवटच्या भाकरीला पुन्हा तुराटी.

पऱ्हाटीची गोष्ट जरा निराळी. कपाशीच्या वाळक्या झाडांचा ढीग पूर्वी घरोघर असे. वाशीमकडे आता सोयाबीनचा बोलबाला. सोयाबीनचं कुटार ढोरांना चालतं, चुलीला चालत नाही. घातलं तर धुमसतं. पिकं बदलली की चुलीचा आहार बदलतो, हे पीक निवडताना कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्याकडे पऱ्हाट्या आहेत त्यांच्यामागे वेगळं लचांड : गुलाबी बोंडअळी वाळक्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत दडून बसते, म्हणून कृषी विभाग दर वर्षी सांगतो की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर किंवा घरापाशी रचून ठेवू नका. 2017 साली या अळीने विदर्भात जो हाहाकार केला, तो आठवला की सल्ला पटतो. पण पावसाळ्यात काय जाळायचं, हे त्या सल्ल्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आणि एक भर नव्या जमान्याची. चूल पेटवायला कॅरीबॅग. पूर्वी गोवरीचा तुकडा, कापराची वडी किंवा चमचाभर घासलेट असे. आता गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा. भकदिशी पेटतं, काम सोपं होतं. त्या धुरात काय काय विष असतं ते डोळ्यांना दिसत नाही आणि वर भाकर तर दिसते. या एका बाबतीत मी घरात हुकूमशहा आहे. तुरीच्या वाळक्या शेंगांची टरफलं डब्यात भरून चुलीशेजारी ठेवली आहेत. तीही तितकीच भकदिशी पेटतात.

चूल सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत आणि त्यातला एक आमच्या विदर्भातलाच. वर्ध्याला मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघात, जे. सी. कुमारप्पांच्या काळात धुराडं असलेली 'मगन चूल' तयार झाली. चरखा, घाणी, मधमाश्या यांच्याबरोबर चुलीचाही विचार करणारी ती माणसं. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. 2002 मध्ये तो आवरता घेतला तोवर देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या होत्या. बसल्या, हे खरं. किती टिकल्या हा वेगळा विषय. आमच्या आळीत त्या काळची कुठलीशी एक निर्धूर चूल होती. तिच्या धुराड्याचा पाइप काजळीने तुंबला, तो साफ करायला छपरावर चढायचं कोणी यावर दिवाळीपर्यंत चर्चा चालली, आणि मग पाइप उपसून मोरीला लावला. तो मोरीत अजून उत्तम काम देतो. छपरावर चढायचं काम अर्थात बापईमाणसांचं होतं.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, चुलींवर पुष्कळ काम केलं. तिचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव. त्यांच्या 'लक्ष्मी' चुलीला दोन भांड्यांची सोय आणि धुराडं. साच्यातून काढलेली असल्याने मापं चुकत नाहीत. आणि चुलीत माप हेच सगळं आहे. भांडं जाळापासून फार उंच बसलं तर धग बाजूने निसटते, फार खाली बसलं तर जाळ बुडाला आपटून थंडावतो आणि काजळी धरते. जुन्या मातीच्या चुलीवर जे तीन उंचवटे असतात, त्यांची उंची मोठीमाय दोन बोटं ठेवते. तिने कर्वे वाचलेले नाहीत. 'आरती'ची दुसरी करामत म्हणजे सराई कुकर : पाचटासारख्या शेतकचऱ्याच्या कोळशाच्या कांड्या, जेमतेम शंभर ग्रॅम, आणि त्यात चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी. मला त्यात सगळ्यात आवडतं ते झाकण. आमच्याकडे उघड्या गंजात वरण उकळत ठेवून वाफेत निम्मं सरपण उडवायची पद्धत आहे. डाळ तासभर आधी भिजवली आणि गंजावर झाकण ठेवलं, तर बाभळीचा तो एक तुकडा अर्ध्यावर विझवून उद्याला ठेवता येतो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुठली योजना लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी ती करत नाही.

मग गॅस आला. 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिचे सिलिंडर पुढे गावोगाव पोचले. मी एकदा वहीवर हिशेब मांडला. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली जेवढी धग प्रत्यक्ष भांड्यात उतरते, तेवढी जुन्या चुलीतून मिळवायला सुमारे 200 किलो वाळलेलं लाकूड लागतं, कारण अशा चुलीत दहा-पंधरा टक्केच धग भांड्याला लागते. ढोबळ हिशेब आहे, पण 20-25 किलोची मोळी धरली तर आठ-दहा मोळ्या झाल्या, जंगलातून डोक्यावर आणलेल्या. मोठीमायला आकडा सांगितला. ती म्हणाली, "मोया तं म्या वाहिल्या, हिशेब तू काऊन करतं?"

तरी चूल गेली नाही. आत ओट्यावर गॅस, बाहेर मांडवाखाली चूल. चहा, पोहे, रात्री-अपरात्रीचं दूध गॅसवर. आंघोळीचं पाणी, भाकरी, मटण आणि उन्हाळ्यातल्या कुरडयांचा चीक चुलीवर. सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि तुराटी शेतातून फुकट येते, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की वीस भाकऱ्या थापणाऱ्या हाताला गॅसच्या शेगडीचा जाळ पुरत नाही. मला या जोडसंसारात काही गैर दिसत नाही, चूल मांडवाखाली आहे तोवर. चार भिंतींच्या आत, खिडकी नसलेल्या खोलीत तीच चूल घातक होते. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत बायांच्या अंगावर यंत्र लावून चुलीपुढचा धूर मोजला. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे शहरातल्या गिरण्या आणि मोटारी अशीच सगळ्यांची समजूत होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुराने जगात 2020 साली 32 लाख माणसं दगावली. त्यांतले किती जण नुसते कुऱ्हाडीच्या आळसाने गेले, हे कोणी मोजलेलं नाही.

बापईमाणसांना हे जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. याचा पुरावा रोडग्यांच्या पंगतीत मिळतो. आमच्याकडे नवस फिटला, नवी विहीर लागली, की रोडगे होतात. चूलबंद आवतन असतं, म्हणजे त्या दिवशी आमंत्रितांच्या घरी चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं. आणि शेतात किंवा देवळापुढे रांधायला असतात सगळे पुरुष. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पंगतीला मी मोठीमायला घेऊन गेलो. गोवऱ्या आठवडाभर उन्हात उलथून-पालथून कोरड्या केलेल्या. वाऱ्याची दिशा बघून त्यांची रास पेटवलेली, पेटवणारे वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेले. धूर पार ओसरेपर्यंत कोणी रोडग्याला हात लावला नाही. गोवऱ्या लालबुंद झाल्या, वर पांढरी राख धरली, तेव्हाच जाड्या कणकेचे, तेलाचे पदर दिलेले गोळे आत पुरले. शेजारी वांग्याची भाजी मोठ्या गंजात, गंजावर परात झाकलेली, खाली बाभळीच्या चिरफळ्या, एकसारख्या, अंगठ्याएवढ्या. रोडगे निघाले, गोणपाटात घोळून राख झटकली, फोडले, तूप सोडलं. आसपास डोळे चोळणारं एक माणूस नाही.

मोठीमायने एक चिरफळी उचलून अंगठ्याशी धरून पाहिली, मग रांधणाऱ्या मंडळींवरून नजर फिरवली. त्यांत तिचे दोन पुतणे आणि एक जावई होते.

"एवढं येते तं घरी काऊन नाही येत रे?" तिने विचारलं.

सगळ्यांना एकदम वाढायची आठवण झाली. जावई पाण्याचा जग घेऊन थेट शेवटच्या पंगतीकडे गेले.